कोरडे हात

मुलुंडमधल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ती दरवर्षी संशोधनाच्या अनुदानाचा अर्ज घेऊन यायची. कापड रंगवणाऱ्यांच्या हातांना अपाय करणार नाही, असं रसायन तिला शोधायचं होतं. कागद घेण्याआधी ती ओढणीला हात पुसायची, कोरडे असले तरी.

"सहा प्रती! वाचतं तरी कोण, मॅडम?" मी वैतागायचो. दरवर्षी नकारच यायचा ना!

एकदा म्हणाली, "बाबा गिरणीच्या रंगखात्यात होते. हाताला रसायन असायचं, म्हणून त्यांनी मला कधी उचलूनच घेतलं नाही."

यंदा अर्जाची शेवटची तारीख उलटली, तरी ती आली नाही. अनुदान मिळालं असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण कुणी कागद पुढे केला, की मी आधी शर्टाला हात पुसतो.