हत्तुरेबाईंची पानं

सूचनांचं पान हातात आलं की हत्तुरेबाई आधी पट्टी मागायच्या. मजकूर नंतर, आधी रेघा आणि कंस.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला सोलापुरातल्या आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला. त्याला हुकूम टाइप करून द्यावे लागत. ते कसे द्यायचे, याची पानं बाई तयार करत; मी ती स्टेन्सिलवर टाइप करायचे आणि सायक्लोस्टाइल यंत्रावर त्यांच्या प्रती निघायच्या. मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं जसंच्या तसं टाइप करायचं. खाली रेघ असेल तिथे आपल्याला हवं ते नाव घालायचं. चौकोनी कंसातलं लागलं तर घ्यायचं, नाहीतर सोडायचं. आमच्या टाइपरायटरवर चौकोनी कंस नव्हता, म्हणून मी एकदा गोल मारला.

"कंस तो कंस की, बाई," मी म्हटलं.

"आज गोल, उद्या चौकोनी. वाचणारा विचारील, दोन्हींत फरक काय? काय सांगशील गं?"

स्टेन्सिलवर एकेक कंस हाताने काढायला लावला.

पद्मा नवीन लागली होती. विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू, नोकरी अजून कच्ची. तिला जानेवारीच्या जुन्या नोंदी पुसायला सांगितल्या. तिने पान समोर ठेवून मार्चच्या पुसल्या. त्या अजून लागणार होत्या.

"उद्यापासून येऊ नको म्हणावं तिला," मॅनेजर म्हणाले. "लई झालं."

बाईंनी तिच्या हातातलं पान घेतलं. "साहेब, इथं 'मार्च' मोठ्या अक्षरांत आहे. खाली रेघ नाही. म्हणजे जसंच्या तसं टाइप करायचं. पोरीनं तेच केलं."

"पान कुणाचं?"

"माझं. उदाहरणाला महिना घातला, रेघ राहिली."

"पण जानेवारी सांगितला होता की तिला. डोकं नको चालवायला?"

"पान सांगेल तसंच कर, हे मीच बजावलंय. पान पाळलं म्हणून तिला काढलंत, तर उद्या माझी पानं कोण पाळेल?"

साहेब खुर्चीत बसले. "मार्चचं काय?"

"ज्यांवरून नोंदी भरल्या ती मूळ कार्डं आहेत. सगळे मिळून परत भरू."

भरलं. पद्मा राहिली, पुढे कायमही झाली. त्यानंतर प्रत्येक नवं पान बाई आधी तिच्याकडे देत आणि मागे गप्प बसत. "समजलं का, असं विचारू नये," त्या म्हणत. "सगळे हो म्हणतात. करून दाखव म्हणावं."

बाई निवृत्त होऊन धारवाडला लेकीकडे गेल्या. मी आजही कामाची यादी नव्या माणसाच्या हातात देते आणि गप्प बसते. तो अडखळला, की आधी कागदाकडे बघते.