माळ्यावरचे खोके आणि दिनूची घडी

ये गं शीतल, अशी जवळ ये. तो मोबाइल ठेव बाजूला आणि आत्याचं ऐक. तेराव्याची भांडी अजून घासून पालथी पडली नव्हती, तोच तू बॅग उचललीस... रिक्षात बसल्यावर मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीस. आणि परवा पुण्याहून फोनवर म्हणतेस, "आत्या, बाबांच्या माळ्यावरचे ते खोके कुणाला तरी देऊन टाक. मला बघवत नाहीत." देऊन टाक म्हणे! अगं, त्या खोक्यांत काय आहे ते तुला ठाऊक नाही, आणि परवापर्यंत मलाही नव्हतं. फोनवर सांगायला घेतलं की तू "नंतर बोलू" म्हणतेस. म्हणून तू समोर बसलीयस असं समजून हे कागदावर लिहायला बसले. पुरवणीत छापून आलं तर चार लोक वाचतील, वाचू देत. माझा धाकटा भाऊ कसा होता ते त्यांनाही कळू दे.

दिनू गेला त्या दुपारी मी डाळ निवडत होते. तो कामाला होता त्या साडीच्या दुकानात बिलं करणाऱ्या हेतलबेनचा फोन आला. "अक्काबेन, जल्दी आवो." एवढंच. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या गर्दीत रिक्षा पुढं सरकेना, आणि मी त्या रिक्षावाल्यालाच रागावत होते, जसं काही त्यानंच रस्ता अडवलाय. दुकानात पोचले तर त्याला दवाखान्यात नेलेलं, आणि दवाखान्यात पोचले तर... असो. छातीत कळ आली, पाणी मागितलं आणि घडी घालायच्या टेबलावरच डोकं टेकलं, असं सांगत होते. हाताखालची साडी अर्धी घडी झालेली होती. शेजारच्या कारागिरानं ती दिवसभर तशीच राहू दिली. "दिनकरभाईच्या घडीवर मी कसा हात लावू?" म्हणाला.

दुकानात दिनूच्या घडीला तसा मान होता. आम्ही परभणीकडचे. माझं लग्न होऊन मी सुरतेला आले, हे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, आणि मागोमाग दिनूही आला. लूमचा आवाज त्याला सोसेना, म्हणून बाजारात साड्यांच्या घडीच्या कामाला लागला. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, खोक्यांवरची नावं आणि रद्दीतले पेपर लावत लावत वाचायला शिकले, तेही त्याच्याच शेजारी बसून. घरी आणलेल्या मालाची घडी आम्ही दोघं घालायचो. काठ जुळवायचा, मधे पातळ कागद सारायचा, पदर वर दिसेलसा ठेवायचा. हे सगळेच करतात. पण दिनू शेवटी एक कोपरा बोटभर आत दुमडायचा. मी विचारलं, "हे रे कशाला करायलास? शेठ काय याचे वेगळे देतो?" तर म्हणाला, "अक्का, उघडणाऱ्याचं बोट अडू नये. कुठून उघडायचं ते हाताला कळलं पाहिजे." सगळ्या बाजारात तो कोपरा कुणी दुमडत नव्हतं. हजार साड्यांतून मी त्याची साडी काढून दिली असती.

तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. दिनू तुला दुकानात न्यायचा आणि टेबलाखाली रिकाम्या खोक्यांत बसवायचा. तू त्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायचीस. मुखवटेवाले, उडणारे, चार हातांचे. मालावर हे काय चितारलंय म्हणून शेठ ओरडायचा, "दिनकर, माल पर आ शुं चीतरी नाख्युं?" आणि दिनू तेवढाच पुठ्ठा कापून घरी आणायचा. मोठी झालीस, शिकवण्या घेऊन हातात पैसे यायला लागले, तसा तू तो महिन्याचा खोका लावलास. वाचणाऱ्यांना सांगते, पेपर लावतो ना आपण, तसाच हा खोका. दर महिन्याला घरपोच यायचा, आत काय निघेल ते आधी कळायचं नाही. कधी सिनेमातल्या वीराची बोटभर बाहुली, कधी बिल्ला, कधी कप, आणि एक टी-शर्ट तर ठरलेला. तू जमिनीवर फतकल मारून उघडायचीस आणि दिनू दारात उभा राहून म्हणायचा, "आज कोण पाहुणा आलाय?"

मग तुमचं ते वाजलं. तुला पुण्याला कार्टूनच्या कामाला जायचं होतं, आणि त्यानं शेठजवळ शब्द टाकून साडीच्या डिझाइनला तुझी कॉम्प्युटरची खुर्ची ठरवून ठेवली होती. तू म्हणालीस, "मला आयुष्यभर काठ-पदर नाही काढायचे." तो म्हणाला, "त्याच काठ-पदरावर वाढलीस." दोघांचंही तोंड एकाच मापाचं. तू गेलीस, तो स्टेशनवर आला नाही. कित्येक दिवस फोन नाही. मी मधे बसून तुझं त्याला आणि त्याचं तुला सांगायची, जशी काही टपाल कचेरीच.

पण तुझ्या खोक्याचा पत्ता सुरतेचाच राहिला होता. खोका आला, तसा दिनूनं स्वतःहून फोन लावला. "तुझा डबा आलाय." तू म्हणालीस, "उघडा ना बाबा." "तुझी वस्तू आहे, तू आल्यावर उघडू." त्यावरून जेवलीस का, पाऊस आहे का, खोलीत पाणी येतं का... असं बोलणं लागलं. दर महिन्याला खोका आला की फोन. पुढं तू तो बंद केलास, तर हा दोन दिवस घरात नुसता येरझारा घालत होता. तिसऱ्या दिवशी हेतलबेनकडं गेला आणि तिच्या मोबाइलवरून तोच खोका पुन्हा लावून आला. या वयात बाहुल्या खेळणार का, असा तिनं सगळ्यांदेखत टोमणा मारला, "आ उंमरे ढिंगलां रमशो, दिनकरभाई?" हा म्हणाला, "रमीश, बेन." त्या दिवसापासून दुकानात त्याला ढिंगलावाळा म्हणायचे. तो हसायचा.

तुला शंका आलीच होती. "बाबा, मी बंद केलं होतं, अजून कसं येतंय? कंपनीला कळवू का?" माझ्यासमोर तो तोंडावर हात धरून म्हणाला, "नको नको! बिचारे देतायत तर आपण कशाला बोलायचं?" दिवाळीला तू दोन दिवस यायचीस, खोक्यांची उतरंड बघायचीस आणि म्हणायचीस, "पुढच्या वेळी निवांत उघडू." तो मान डोलवायचा आणि उतरंड परत नीट लावायचा.

एकदा माझ्याकडं टीव्ही बघत बसला होता. कसली तरी जाहिरात लागली, एक मुखवटेवाला उडत आला. दिनू चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "हा चांगला. याच्या जिवावर उठलेला आहे ना, त्याचा झगा जांभळा असतो." मी म्हटलं, "तुला रे काय माहीत?" तर म्हणाला, "ऐकलं कुठंतरी." मीही सोडून दिलं...

तर परवा तुझा फोन झाला. म्हटलं, द्यायचे तर कुठल्या घरात काय द्यावं ते बघून देऊ. सगळ्यांत खालचा खोका काढला. पट्टी जशीच्या तशी, कुठं फाटलेली नाही. हलक्या हातानं सोडवली. आत बाहुली होती, जांभळ्या झग्याची. साडीच्या चिंधीत गुंडाळलेली. माझ्या मनात आलं, कंपनीवाले साडीची चिंधी कुठून आणतील? खाली टी-शर्ट होता. मधे पातळ कागद सारलेला, चित्र पदरासारखं बरोबर वर आणलेलं... आणि एक कोपरा बोटभर आत दुमडलेला.

मी तिथंच माळ्याच्या शिडीवर बसले गं. पोर येत नाही, उघडत नाही, म्हणून हा एकटाच उघडून बघत होता. तुला काय आवडतं ते शिकत होता, आणि घडीवाल्या माणसाला इस्त्रीची ऊब देऊन चिकटपट्टी सोडवायला किती वेळ लागतो? बघून झालं की पुन्हा तुझ्यासाठी घडी घालून ठेवायचा. वर मला म्हणायचा, "तिची वस्तू आहे, अक्का, मी कशाला हात लावू?" आणि तुझ्याशी बोलताना त्यातलं एक अक्षर काढलं नाही. ती आधी सांगेल, मग मी बोलेन, एवढंच ठरवून बसला असणार. तुझा बापच तो.

बाकीच्यांना मी हात लावलेला नाही. पहिलाही होता तसा बंद केला, जमला तेवढा. आणि ऐक, तू गेल्यावर या आठवड्यात अजून एक खोका आलाय. कुरिअरवाल्यानं सवयीनं काकांचीच चौकशी केली, "काका छे?" मी सही केली आणि तो उतरंडीवर ठेवला. त्याच्या आतला टी-शर्ट तेवढा कंपनीच्या घडीत असेल, चुरगळलेला. तो कोपरा कसा दुमडायचा ते आता मलाच येतं, आणि मला ते तुला शिकवायचंय. घराची किल्ली माझ्याकडं आहे, माळ्याची शिडी लावूनच ठेवली आहे. फोन करत बसू नकोस, या रविवारची गाडी धर आणि ये.