डाव्या सीटचा दिवा

मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असणार कसा? आमच्या नायगावच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर भुतांच्या गोष्टी सांगतो तो मीच. त्यातली हडळ मी त्याच दुपारी शेंगा सोलता सोलता तयार केलेली असते. आपणच पेंढा भरलेल्या बुजगावण्याला कोण घाबरतं?

माझी खोड अशी, की साधी गोष्ट मला साधी सांगताच येत नाही. दूध नासलं तरी मी त्यात तीन पात्रं आणि एक वादळ घालतो. माझी बायको मंजू म्हणते, "अहो, निदान मीठ तरी मोजून टाका!" हे लक्षात ठेवा… पुढे लागेल.

माझे सासरे, तात्या, राजोडीजवळच्या वाडीत एकटे राहायचे. केळी, नारळ, थोडा मोगरा. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं गाडीने त्यांना जेवायला आणायचो आणि संध्याकाळी सोडायचो. पुढची डावी सीट तात्यांची. मंजू मागे. सीटबेल्ट लावायला तात्यांचा ठाम नकार. "मला दावं बांधून नेता काय? मी काय बैल हाय?" मग पट्टा नुसताच खाचेत अडकवायचा आणि त्याच्या पुढे ऐसपैस बसायचं. गाडी गप्प, तात्या खूश.

वाडीत शिरताना अरुंद वाटेच्या मधोमध एक काळा दगड रुतलेला होता. बैलगाड्या वळणावर जपून चालाव्यात म्हणून तात्यांच्या वडिलांनी रोवलेला. तो दोन चाकांच्या मधे घेऊन गाडी काढावी लागे. तात्या समोर उकिडवे बसत, गाडीच्या पोटाखाली बघत आणि विमान उतरवत असल्यासारखे हात हलवत. "येऊ द्या जावईबापू, येऊ द्या… चार बोटं हायेत!" गाडी पार झाली की स्वतःच टाळी वाजवायचे. दर रविवारी. एकदाही घासली नाही.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारी मॅच होती. सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा, कांदाभजी, सगळी गँग. शनिवारी संध्याकाळी मी तात्यांना फोन लावला. "उद्या जमत नाही" एवढं पुरलं असतं हो. पण मी रंगात आलो.

"तात्या, घात झाला! मागच्या रविवारी तुम्हाला सोडून निघालो ना, तुम्ही आत गेलात आणि त्या दगडाने गाडीचं पोट खरवडलं!"

"अरे देवा. माझ्या दगडाने?"

"मग काय! आधी इंजिनचा पिवळा दिवा लागला. मग एबीएसचा, म्हणजे ब्रेकवाला. आणि कहर ऐका, तुमच्या सीटचा पट्ट्याचा लाल दिवा! सीट रिकामी, तरी गाडी कोकलतेय. जणू तुम्हीच पट्टा न लावता बसलायत."

तात्या खो खो हसले. "म्हंजे मी इकडे पन आनि तिकडे पन?" मग आवाज उतरला. "मी उभा नव्हतो ना त्या दिवशी. माझीच चूक झाली. बघतो मी."

काय बघणार, हे मी विचारलं नाही. मागच्या रविवारी संध्याकाळी मंजू घरीच थांबली होती, तात्यांना सोडायला मी एकटाच गेलो होतो; म्हणून तिलाही हीच गोष्ट ऐकवली, सोमवारी गॅरेजला नेतो म्हणून सांगितलं, आणि रविवारी हॉलमध्ये जाऊन बसलो.

बाराच्या सुमारास मंजू हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या वाडीतून फोन होता. तात्या पडलेत, लवकर या.

गाडीत ती सवयीने मागेच बसली. मी कशी चालवली, मला आठवत नाही. वाडीच्या वाटेला वळलो आणि खालून असा आवाज आला… पत्र्याचा डबा दगडावर ओढावा तसा. गाडी उचलली गेली आणि आपटली. तो दगड एका बाजूने खणलेला होता. वीतभर वर आलेला. शेजारी माती, आणि मातीत पहार.

समोर उकिडवं बसून हात हलवायला कोणी नव्हतं.

इंजिनचा पिवळा दिवा लागला. मग एबीएसचा. मग डाव्या सीटचा लाल, आणि गाडी वाजायला लागली. टिंग… टिंग… टिंग. मी सीटकडे पाहिलं. पिशवी नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मी सांगितले होते तेच तीन दिवे, त्याच क्रमाने.

शेजाऱ्यांनी तात्यांना उचलून ओटीवर निजवलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. हार्ट, म्हणाले. वय, आणि एवढं ऊन.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. लोक येत होते, मी खुर्च्या मांडत होतो. कोणीतरी म्हणालं, "जावयाची गाडी घासली म्हणून दगड काढत होते बिचारे." मंजू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही फक्त गाडी घासल्याचं सांगितलंत त्यांना. तुमचा काय दोष?" अंगणात गाडी उभी होती, तिन्ही दिवे माझ्या बाजूने साक्ष द्यायला तयार. माझं खोटं कोणी पकडूच शकलं नसतं. मंजूला हे कधी कळू नये, एवढंच मला हवं होतं.

तेरावं झाल्यावर गाडी माणिकपूरला डॉमनिकच्या गॅरेजात दिली. त्याने एबीएसची तुटलेली वायर बदलली, एक्झॉस्टमधला फुटलेला सेन्सर बदलला. दोन दिवे गेले. तिसरा जाईना. सीट उघडली, नवा सेन्सर टाकला, वायरही नवी ओढली. तरी दिवा तसाच.

गाडी घ्यायला मंजू सोबत आली होती.

"सर, खालच्या माराचा आणि या सीटचा काय संबंधच नाय," डॉमनिक डोकं खाजवत म्हणाला. "हा का लागतो, मला कळत नाय. खरं सांगतो."

"दोनदा घासली ना, म्हणून असेल," मंजू म्हणाली.

"दोनदा? नाय मॅडम. एकच मार आहे. ताजा. त्याआधी या गाडीला खालून नखसुद्धा लागलेलं नाय."

मंजू माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे त्या क्षणाला किमान चार गोष्टी तयार होत्या, चारही पटण्यासारख्या. मी एकेक मनात उचलून पाहिली.

"मॅच होती," मी म्हणालो.

डॉमनिक उगाच पाना पुसत आत गेला. मंजूने पुढचं डावं दार उघडलं, पट्टा ओढला, रिकाम्या सीटवर खाचेत अडकवला. दार लावलं आणि मागे जाऊन बसली.

मी गाडी सुरू केली. दिवा लागला नाही.

"चला," ती म्हणाली.

तो पट्टा आजही तसाच अडकवलेला आहे. काढला की लाल दिवा लागतो, टिंग टिंग सुरू होतं. आणखी दोन गॅरेजं झाली, कारण कोणालाच सापडलं नाही. मंजू मागेच बसते. घरात बोलते, जेवायला वाढते. गाडीत बोलत नाही. दगड अजून तिथेच आहे, अर्धा वर. आम्ही गाडी अलीकडे लावून चालत जातो.

तुमच्यापैकी कोणी गाड्यांमधलं जाणकार असेल तर सांगा. मी इथे जसं घडलं तसं लिहिलंय. मीठसुद्धा टाकलेलं नाही.