आरशीवाली आणि मारुतीचं नाव

शिवलीलाताईंच्या लेकीचा परदेशातून फोन आला तेव्हा मी नांदेडला माहेरी होते. "मावशी, आई गेली..." एवढंच ती बोलू शकली. चहा घेता घेता छातीत कळ आली आणि शेजारी धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. लातूरला पोचले तर अंगणात त्यांचा धाकटा भाऊ गुरुलिंग भिंतीला टेकून उभा होता. कित्येक वर्षं तो बहिणीशी बोलत नव्हता. त्या दिवशीही जवळ गेला नाही. लिंगायतांच्या रीतीनं समाधीत माती लोटायची वेळ आली तेव्हा मात्र मूठभर माती उचलून तो ती बराच वेळ हातातच धरून राहिला...

आम्ही दोघी लातूरच्या एका कॉलेजात शिकवायचो. त्या इतिहास, मी उर्दू. माझ्या डब्यातला चिंचेचा खट्टा त्यांचा आणि त्यांची शेंगाची पोळी माझी, असा आमचा करार होता. त्यांचं माहेर निलंग्याकडचं. गावाला महादेवाचं जुनं दगडी देऊळ, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर आरशात बघणारी एक दगडी बाई. गाव तिला आरशीवाली म्हणायचं. लग्न ठरलेली पोर तिच्या पायाला हळद लावून यायची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तिच्या पायाची बोटं झिजून गुळगुळीत झाली होती. ताई लहान असताना ती चोरीला गेली. छिन्नी-हातोडा होता मारुती दगडफोड्याकडे, म्हणून संशय त्याच्यावर आला. चावडीपुढे त्याला सगळ्यांदेखत मारलं. बायको-लेकीला घेऊन त्यानं गाव सोडलं. ताईंनी हे मला अनेकदा सांगितलं होतं, पण जुनी गोष्ट सांगावी तसं.

निवृत्तीनंतर त्या लेकीकडे गेल्या. तिथल्या एका म्युझियममधून त्यांचा फोन आला. एरवी शुद्ध बोलणाऱ्या ताई त्या दिवशी थेट गावाकडचं बोलल्या, "शमीम, आरशीवाली हितं हाय गं!" बोटांवरून ओळखलं म्हणाल्या. काचेआड उजेडात उभी होती. खालच्या पाटीवर दख्खन, बारावं शतक, एवढंच. कुणाच्या गावची, कुणी आणली, काही नाही. ताई इतका वेळ उभ्या राहिल्या की तिथल्या पहारेकऱ्यानं त्यांना खुर्ची आणून दिली.

परतल्यावर त्या माहेरी धावल्या. म्हाताऱ्या चुलतीला मोबाइलवरचा फोटो दाखवला. आनंदानं रडेल असं वाटलं होतं. चुलतीनं फोटो बघितला आणि पदर तोंडाला लावला. "लीला, ही चोरीला गेलीच न्हाई गं. तुज्या आप्पानंच दिली. देवळाचं छत बसलं हुतं. एक सायेब आला, म्हणला छत बांधून देतो, ही तेवढी द्या. आप्पा म्हणले, ही काय देव न्हाई, नाचणारीच हाय की. मग गावानं इचारलं, तर चोर म्हणून सांगितलं."

"आणि मारुतीला मारलं तेव्हा?"

"तवा आप्पा घरात बसून हुते. जेवले न्हाईत त्या दिशी."

ज्या आप्पांचा, ताईंच्या वडिलांचा, फोटो हार घालून घरात लावलेला, गावात ज्यांच्या शब्दाला मान, ते आप्पा. मारुतीचं कुटुंब नांदेडजवळच्या लोह्याला असल्याचं शोधून काढल्यावर ताई मला घेऊन तिकडे गेल्या. मारुती केव्हाच गेलेला. लेक भेटली, नात अंगावर खेळवत. ताईंनी सगळं सांगितलं आणि त्या तिच्या पायाशी वाकल्या. तिनं पाय मागे घेतले. "बाई, आमाला तर ठावंच हाय का बापानं चोरी केली न्हाई. हितं सांगून काय उपेग? जिथं मारलं, तिथं सांगा."

परतीच्या एसटीत ताईंनी श्रावणी सोमवार कधी आहे ते विचारलं.

श्रावणातल्या सोमवारी देवळापुढे गाव जमलं होतं, तिथं त्यांनी सांगितलं. मी बायकांच्या मागे उभी होते. मारुतीचं नाव आधी घेतलं, मग आप्पांचं; लोह्यात मारुतीची लेक भेटल्याचंही सांगितलं. कुणी खाली बघितलं, कुणी म्हणालं, छत तर झालं ना गावाचं... गुरुलिंग पुढे आला. "मेलेल्या बापाला चावडीवर आणलंस. आजपासून तुला माहेर न्हाई."

म्युझियमला त्यांनी कळवलं. चौकशी सुरू आहे, असं उत्तर आलं. आजही सुरूच आहे. आरशीवाली आली नाही, माहेर मात्र गेलं. शेवटच्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, "शमीम, मी बापाचा न्याय केला का सूड घेतला?"

गेल्या आठवड्यात मी एकटीच त्या देवळात गेले. भिंतीत तिच्या उंचीची खाच तशीच रिकामी आहे. पायरीवर गुरुलिंग बसला होता. मी सलाम केला. त्यानं मान हलवली, जागा करून दिली. मग त्या खाचेकडे बघत तो म्हणाला,

"मॅडम, त्या मारुतीची लेक... लोह्यात कुठं राहती?"