राजाची हौस आणि आईची बोटं

म्युझियममधली नोकरी शांत असते म्हणणाऱ्याने एडिनबराला आमच्या रेनेसाँच्या दालनात एक दिवस उभं राहून दाखवावं! मी तिथे गाइड, प्रोबेशनवर. कायम होईपर्यंत जीव टांगणीला, आणि किस्से तर रोज साठतात.

*

आमची निम्मी चित्रं एका राजाची हौस. त्याने ती इटलीहून मागवली, पुढे लोकांनी त्याचंच डोकं उडवलं, चित्रं विकली, पुढच्या राजाने सापडतील तेवढी परत जमवली. हे मी अगदी रंगवून सांगितलं. शाळेच्या ट्रिपमधली एक मुलगी म्हणाली, "मग त्यांनी सॉरी म्हटलं का?"

सुपरवायझर मार्गारेट मागेच उभी. ती हसत नाही.

*

लीड्सचे एक काका वैतागले. "एका माणसाची आवड सगळ्या देशाने का बघायची?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "आमच्या हॉलचे पडदेही यांच्याच आवडीचे आहेत. पाहुणे बघतात बिचारे!"

*

बेसिंगस्टोकचा आयटीवाला मित्र आला. "प्रत्येक भिंतीवर तीच आई, तेच बाळ. राजाने कॉपी-पेस्ट केलंय का रे?"

"अरे, हळू बोल!" मी मार्गारेटकडे बघत म्हटलं.

*

मग नागपूरहून माझी आई आली, नेमकी माझ्या असेसमेंट टूरला, म्हणजे मला कायम करायचं की नाही हे मार्गारेट ठरवणार त्या टूरला. राजाच्या सर्वांत लाडक्या चित्रासमोर ती थबकली.

"किती गोड बाळ! रोज एवढे लोक टक लावून बघतात होय?"

मी "आई, नको" म्हणेपर्यंत तिने चित्रासमोरच्या दोरीवरून वाकून बाळावरून हात ओवाळले आणि कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. अलार्म ठणाणा वाजला!

"बघ, केवढा आवाज! किती दृष्ट लागली होती!" आई समाधानाने म्हणाली.

घाबरत घाबरत मी मार्गारेटला सगळं समजावलं. ती एवढंच म्हणाली, "शुक्रवारी भेट." माझी नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो.

*

शुक्रवारी तेच चित्र प्रदर्शनासाठी इटलीला निघालं होतं. ते पेटीत ठेवलं होतं, झाकण तेवढं लागायचं होतं. मार्गारेटने सगळ्यांना बाहेर काढलं, मला थांबवलं. मग पेटीपासून हातभर लांबूनच बाळावरून हात ओवाळले आणि बोटं कानशिलावर दाबली.

काहीच वाजलं नाही. तिचा चेहरा उतरला.

"आवाज आला नाही. माझं काही चुकलं?"

"नाही," मी म्हटलं, "म्हणजे दृष्ट लागलेलीच नाही."

"गुड," ती म्हणाली. "सोमवारपासून दहाची टूर तुझी."