अयूबच्या हातची छपरं

धानोऱ्याचा अयूब तीस वर्षं गावोगाव घरांवर पत्र्याच्या टिना चढवत आला. कवेलू काढून टीन टाकायचं म्हटलं, की जंगलातल्या खेड्यांतही त्याचंच नाव निघे.

मे महिन्यात एका दुपारी वावधन सुटलं आणि अशाच एका खेड्यात इतवारीबाईचं छप्पर उडालं. म्हातारी एकटीच राहायची. बकरीला पोटाशी धरून खाटेखाली शिरली, म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी अयूब पोचला तेव्हा चार टिना मोहाच्या झाडात अडकलेल्या होत्या. त्याने त्या उतरवून उलटसुलट पाहिल्या. टिना धड होत्या, फक्त खिळ्यांची भोकं फाटली होती. कडेचे खिळे विरळ, आणि टिनांखालच्या आडव्या लाकडी बल्ल्या खांबांवर नुसत्या टेकवलेल्या. वारा वळचणीखालून शिरला आणि सगळंच उचलून घेऊन गेला.

"बाई, हे माह्याच हातचं काम हाय," तो मान खाली घालून म्हणाला.

"हवा तूनं सोडली होती काय?" इतवारीबाईने पाण्याचा गडवा पुढे केला. "पी आधी."

अयूबने बल्ल्या लोखंडी पट्टीने खांबांना जखडल्या. खिळ्यांऐवजी बल्लीला खालून धरणारे हूक लावले, कडेला तर वीत-वीतभर अंतरावर. दोन दिवस बाई शिडी धरून उन्हात उभी होती.

घरी तो जेवायला बसला. "त्या गावात माह्या हातची अजून सोळा घरं हायेत," तो बायकोला, साबिराला म्हणाला.

"कोनी तुमच्याकडे बोट दाखवलं काय?"

"मीच दाखवून राह्यलो."

पाऊस लागायच्या आत तो घरोघर फिरला. हाताने टिनेची कड ओढून बघायचा, हलली की वर चढायचा.

"माह्या टिनेवर गोटे हायेत ना!" एका घरचा मुखरू हसला.

"हवेत गोटे थांबत नाई, भाऊ. डोक्यावर येतीन."

मुखरूने गोटे स्वतःच उतरवले.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तसंच वावधन आलं. मुखरूचा गोठा तेवढा पडला. अयूबच्या हातची छपरं सगळी जागच्या जागी राहिली. संध्याकाळी इतवारीबाईने शेजारच्या दीपालीच्या फोनवरून अयूबला गाठलं.

"आमचं सारं बरं हाय. तुह्या घरची टिना पाहिली काय तूनं?"

अयूबने मान वर करून आपल्याच छपराकडे पाहिलं. साबिराने ऐकलं होतं. ती हसत उठली आणि परसातली शिडी ओढत घेऊन आली.