रिकाम्या खोलीची राखण

भोरला आमच्या घरातल्या चार खोल्या भाड्याने असत, आणि मला स्वतःची एकही नव्हती. भाडेकरू गेला की आई माझी वळकटी उचलून त्या खोलीत टाकायची. तिचं माहेर डोंगरातल्या पासली गावचं. हा नेम तिने तिकडूनच आणलेला. "खोली ओस ठिवायची न्हाई. दिवा लागला पायजे, मानूस झोपला पायजे." नवा भाडेकरू आला की माझी रवानगी पुन्हा माजघरात. मी चिडायचे. घर आमचं आणि मीच उपरी! मला एक खोली हवी होती, कायमची. हवा तिथे खिळा ठोकावा आणि आईने भिंतीच्या नावाने ओरडू नये, अशी.

पण त्या खोल्यांत स्वप्नं मात्र फार सुंदर पडायची. जाणारी माणसं ती मागे विसरून जातात, असं मला खरंच वाटे. एसटीचे कंडक्टर राहून गेलेल्या खोलीत खोबरेल तेलाचा वास रेंगाळलेला असे, आणि मी रिकाम्या एसटीतून वरंधा घाट चढत राहायचे. ड्रायव्हर नाही, घंटी आपोआप वाजतेय, ढग खिडकीतून आत येऊन शेजारी बसताहेत. नर्सबाईंच्या खोलीत भाटघर धरणाच्या पाण्यावर बाळं झोपलेली दिसायची. एकही रडत नसे. सकाळी सांगितलं की आई म्हणायची, "फुकट शिनेमा बगतीस की! तक्रार कसली?"

आता मी पुण्यात असते. भोरला खोली घेऊन राहणारं फारसं कुणी उरलं नाही. मास्तर, बँकवाले, सगळे हायवेवरच्या किकवीवरून बाईकने अप-डाऊन करतात. परवा दिवेलागणीला घरी पोचले, तर आई काखेत गादी मारून अंगणातून चाललेली.

"कुठं निघालीस?"

"आज नर्सबाईच्या खोलीची पाळी."

रोज पाळीपाळीने ती एकेका खोलीत झोपत होती, एकटी. चारही खोल्यांत दिवे लागलेले.

"तुला हवी ती घे आता," ती म्हणाली. "कायमची. ठोक खिळा."

जन्मभर मागितलेलं असं समोर आलं, आणि मला त्यातली एकही खोली हवीशी वाटेना. मी तिच्याकडून गादी घेतली, माजघरात अंथरली आणि शेजारी माझं अंथरूण घातलं.

"आन् खोल्या?"

"राहू देत आज ओस."

मी जाऊन चारही दिवे बंद केले. ती बराच वेळ पुटपुटत होती, मग कुशीवर वळली.

सकाळी चहा ओतताना म्हणाली, "लई दिसांनी झोप लागली बग. कुनाचं बी सपान पडलं न्हाई."